उचलण्यात कसला आला शोध?

जानेवारीच्या अखेरीस भोसरीतल्या एका शेडमध्ये मी एक यंत्र पाहत उभा होतो. लिथियम-आयन बॅटरीच्या पोटात जाणाऱ्या शीट एकेक करून उचलायच्या आणि थरावर थर रचायचे, एवढेच त्याचे काम. सक्शन कप लावलेला हात गठ्ठ्यावर उतरतो, वरची शीट ओढून घेतो, फिरतो, ठेवतो, परत येतो. यंत्र करणाऱ्या तरुण कारखानदाराने पेटंटसाठी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज भरून ठेवला होता आणि पुढे काय करावे हे विचारायला मला बोलावले होते. शेजारी त्याचे काका उभे होते. एका कारखान्याची टूलरूम तीस वर्षे सांभाळून निवृत्त झालेला माणूस. ते म्हणाले, "साहेब, तुम्हीच समजवा याला. व्हॅक्यूम कप बाजारात मिळतो, सिलिंडर मिळतो, सेन्सर मिळतो. सगळं एका फ्रेमवर बसवलं की झालं यंत्र. उचलण्यात कसला आला शोध?"

हे मत एकट्या काकांचे नाही. कारखान्यांत, अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि खरे सांगायचे तर पेटंट कार्यालयांच्या काही अहवालांतही ते भेटते. म्हणून आधी तो पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. दुबळा करून मांडलेल्या पूर्वपक्षाला पाडण्यात काही पराक्रम नाही.

पूर्वपक्ष असा. पेटंट म्हणजे समाजाने एकाला 20 वर्षांसाठी दिलेली मक्तेदारी. तिच्या बदल्यात समाजाला आधी ठाऊक नसलेले काहीतरी मिळाले पाहिजे. बॅटरीच्या बाबतीत असे नवे ज्ञान रसायनात असते. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना 2019 चे नोबेल मिळाले ते त्यासाठी. वस्तू इथून उचलून तिथे ठेवणे हे हातांचे काम. ते यंत्राने केले म्हणून ज्ञानात भर पडत नाही. हवा ओढून पातळ वस्तू उचलणे तर छापखान्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. शिवाय आपल्या 1970 च्या पेटंट कायद्याच्या कलम 3 मधला (एफ) हा खंड ज्ञात साधनांच्या नुसत्या मांडणीला किंवा फेरमांडणीला शोधच मानत नाही. आणि शेवटचे म्हणजे, अशी पेटंटे सढळ हाताने दिली तर भोसरी-चाकणच्या लहान यंत्रकाराला पावलोपावली कुणाची तरी परवानगी मागावी लागेल. सबब परीक्षकाने अशा अर्जाकडे मुळातच संशयाने पाहावे.

यातला प्रत्येक मुद्दा काही अंशी खरा आहे, म्हणूनच तो टिकून आहे. माझा आक्षेप सगळ्यांच्या तळाशी असलेल्या एका गृहीतावर आहे: उचलणे ही सगळीकडे सारखीच, एकच क्रिया आहे, हे ते गृहीत. खानदेशात मांडे करणाऱ्या बाईला हे सांगून पाहा. ती पोळी दोन्ही हातांवर फिरवत, झेलत मोठी करते आणि पालथ्या खापरावर टाकते. तीच पोळी पोळपाटावर लाटून उलथण्याने उचलायला गेलात तर चिंध्या हातात येतील. पुरणपोळी कुणी लाटण्यावर गुंडाळून तव्यावर सोडते, कुणी कागदावर लाटून कागदासकट पालथी घालते. भाकरी सरळ तळहातावर जाते. पीठ, ओल आणि जाडी बदलली की उचलण्याची रीत बदलते. स्वयंपाकघरात हे इतके सवयीचे झाले आहे की त्याला कुणी ज्ञान म्हणत नाही. उचलणाऱ्या यंत्राचे परीक्षण करायचे तर हाताकडे बघून भागत नाही. ज्या वस्तूला हात लागणार तिच्यापासून सुरुवात करावी लागते.

ती वस्तू पाहू. बॅटरीच्या ऋण बाजूची शीट म्हणजे साधारण 6 ते 10 मायक्रॉन जाडीची तांब्याची फॉइल आणि तिच्या दोन्ही अंगांना ग्रॅफाइटचा लेप. धन बाजूला ॲल्युमिनियमची फॉइल, किंचित जाड, तिच्यावर धातूंच्या संयुगाचा लेप. दोन्हींच्या मधे सेपरेटर: पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा, बहुधा 10 ते 25 मायक्रॉनचा सच्छिद्र पडदा. छिद्रे हवीतच, कारण लिथियमचे आयन त्यांतूनच ये-जा करतात. पण उचलताना तीच छिद्रे वैर धरतात. वरून ओढलेली हवा पडद्याच्या आरपार जाते आणि खालच्या पडद्यालाही ओढू लागते. एक मागितला तर दोन येतात. ओढ वाढवली तर पातळ फॉइलवर कपाचा वळ उमटतो, ओढ कमी केली तर शीट अर्ध्या वाटेत सुटते.

पुढची अडचण याहून गमतीची आहे. लिथियमच्या या रसायनाला पाण्याचे वावडे. म्हणून बॅटरीची जुळणी कोरड्या खोलीत करतात. तिथल्या हवेचा दवबिंदू उणे 40 अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याहूनही खाली ठेवावा लागतो. अशा हवेत प्लास्टिकवर स्थिर वीज साचते. थंडीत लोकरीचा स्वेटर काढताना चटचट होते, तोच प्रकार. म्हणजे जी कोरडी हवा बॅटरीला जगवते तीच तिचे पडदे एकमेकांना चिकटवते. एका गरजेने दुसरी अडचण जन्माला घातली आहे, आणि पहिली गरज सोडून देता येत नाही.

दोन शीट आल्या, एखादी तिरकी बसली, कोपरा मुडपला, तर एवढे काय बिघडले? कडेला लिथियम धातूरूपात साठू नये म्हणून ऋण शीट धन शीटपेक्षा जराशी मोठी ठेवतात. ही किनार सगळीकडून सांभाळावी लागते. ती कुठे सरकली, पडदा कुठे दुमडला, तर दोष आतच राहतो आणि बाहेरून दिसत नाही. 2016 मध्ये सॅमसंगला गॅलक्सी नोट 7 हा फोन बाजारातून मागे घ्यावा लागला. पुढच्या जानेवारीत कंपनीने कारणे सांगितली तेव्हा एका पुरवठादाराच्या बॅटरीत ऋण शीटचा कोपरा वाकलेला निघाला, दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे काटे. 2021 मध्ये जनरल मोटर्सने बोल्ट या विजेवरच्या मोटारी परत बोलावल्या. एकाच सेलमध्ये फाटलेली ऋण बाजूची पट्टी आणि दुमडलेला सेपरेटर असे दोन्ही दोष जुळून आले तर आग लागू शकते, असे तिने जाहीर केले. हे दोष जुळणीतले. नोबेल मिळालेल्या रसायनात खोट नव्हती.

आता छापखान्याचा दाखला. तो टाळून पुढे जाता येणार नाही, कारण पूर्वपक्षाचा सगळा भार त्याच्यावर आहे आणि दाखला खोटाही नाही. ज्याने जुन्या छापखान्यात हायडेलबर्ग हे छपाईयंत्र चालताना पाहिले आहे त्याला ठाऊक आहे: तोंडाने ओढल्यासारखा कागद वर येतो, फिरता हात तो पकडतो, दाबाखाली नेतो आणि पलीकडे सोडतो. एकाऐवजी दोन कागद येणे हे तिथलेही जुने दुखणे. त्यावरचे इलाजही जुने आहेत. गठ्ठ्याच्या कडेला हवेचा झोत मारून कागद सुटे करायचे. उचलताना कागदाची कड वाकवून खालचा कागद झटकून टाकायचा. तरीही दोन आलेच तर यंत्र आपोआप थांबेल अशी सोय करायची. छापखान्याच्या माणसाला बॅटरीच्या शेडमध्ये आणून 'दोन-दोन येतात' असे सांगितले, तर तो क्षणात म्हणेल, हवा मारा.

मारून पाहा. इलेक्ट्रोडची शीट कापलेली असते आणि कापलेल्या कडेवर लेपाची बारीक भुकटी असते. हवेच्या झोताने ती उडते आणि शेजारच्या पडद्यावर जाऊन बसते. पुढे थर दाबले गेले की वीजवाहक कण पडद्यात रुततो, आणि शॉर्ट सर्किटचे बी पेरले जाते. बरे, कड वाकवून झटकू म्हणावे, तर लेपाला भेगा पडतात, पापुद्रा सुटतो. राहिला तिसरा इलाज, दोन आल्या की यंत्र थांबवायचे. तो चालतो, पण तो रोगाचे निदान करतो, इलाज करत नाही. आणि ज्या यंत्राने दिवसभर थांबायचे नसते ते पुन्हा पुन्हा थांबते. छापखान्याच्या कागदाला पुढे फक्त शाई घ्यायची असते. या शीटला वर्षानुवर्षे पेट न घेता काम करायचे असते. छापखान्याचे शहाणपण इथे वाटेतच अडते, आणि अडते कुठे हे छापखान्यात उभे राहून दिसत नाही.

म्हणजे असे प्रत्येक यंत्र पेटंटयोग्य झाले का? मुळीच नाही. एवढेच सिद्ध झाले की 'घटक जुने आहेत' या वाक्याने परीक्षण संपत नाही. या जागी युरोपीय पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने एक कसोटी घालून दिली आहे. 1984 चा निर्णय, आणि खटला कशाचा, तर पोटातल्या वायूवर घ्यायच्या गोळीचा. त्या विषयातल्या जाणकाराला अमुक गोष्ट करता आली असती का, हा प्रश्न गौण; हाती असलेल्या अडचणीपायी त्याने ती केली असती का, हा खरा प्रश्न. 'करता आले असते' आणि 'केले असते' यांतले अंतर मराठी कानाला समजावून सांगावे लागत नाही. सक्शन कपाला आणखी एक भाग जोडणे कुणालाही शक्य असते. पण जोडायला त्याला काय कारण होते? कोणत्या जुन्या दस्तऐवजाने त्याला त्या दिशेला वळवले? की उलट त्या दिशेला जाऊ नकोस असेच सगळे सांगत होते?

पूर्वपक्षाचा पाय घसरतो तो इथे, पश्चातबुद्धीवर. गंमत अशी की परीक्षणाची रीतच ही पश्चातबुद्धी जन्माला घालते. परीक्षक आधी अर्ज वाचतो, आकृती पाहतो, दावा, म्हणजे अर्जदार नेमका कशावर हक्क सांगतो ते, समजून घेतो. मग त्या दाव्यातला एकेक शब्द हाती धरून जुने दस्तऐवज शोधतो. कप एका कागदात सापडतो, सेन्सर दुसऱ्यात, हवेचा झोत तिसऱ्यात. तिन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले की यंत्र आपसूक जुळल्यासारखे दिसते. पण ते तीनच कागद निवडायचे हे त्याला कुणी सांगितले? समोरच्या अर्जानेच. उत्तरपत्रिका आधी वाचायची आणि मग प्रश्न सोपा होता म्हणायचे, असा हा प्रकार. त्यात परीक्षकाचा दोष नाही. या क्रमाला पर्यायच नाही. म्हणूनच पहिल्या परीक्षण अहवालात, ज्याला आमच्या धंद्यात सगळे एफईआर म्हणतात, कोणते कागद जोडले याबरोबर ते का जोडले हेही लिहिण्याची शिस्त लागते. जिथे ते लिहिलेले नसते तिथे मला टूलरूममधल्या काकांचा आवाज ऐकू येतो, फक्त मराठीऐवजी सरकारी इंग्रजीत.

भारतीय निकालांपैकी पूर्वपक्षाला सर्वांत प्रिय निकाल बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज हा. सर्वोच्च न्यायालय, 13 डिसेंबर 1978, निकालपत्र न्यायमूर्ती सरकारिया यांचे. तो मला इथे फार जवळचा वाटतो, कारण तेही पकडण्याचेच यंत्र होते. मिर्झापूरला पितळी आणि जर्मन सिल्व्हरची भांडी लेथवर फिरवून घासतात. जुन्या पद्धतीत भांडे फिरता फिरता सुटून उडे आणि कामगाराला धोका होई. भांडे घट्ट धरून ठेवण्याची एक युक्ती एका भागीदाराने 1951 मध्ये काढली, तिला पेटंट मिळाले, आणि शेजारच्या कारखान्याने ती वापरल्यावरून खटला गुदरला. अलाहाबाद उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी पेटंट रद्द केले, खंडपीठाने ते पुन्हा उभे केले, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा रद्द केले. अंतिम निकाल लागला तेव्हा पेटंटची मुदत कधीच उलटून गेली होती. खटल्यांच्या आयुष्याविषयी अधिक काही बोलत नाही.

हा निकाल 'उचलण्या-पकडण्यात शोध नसतो' असे सांगतो, असा एक समज पसरलेला आहे. निकाल वाचला तर तसे काही आढळत नाही. न्यायालय म्हणते की जुनेच घटक अशा रीतीने एकत्र आणता येतात की त्यांच्या परस्परसंबंधातून नवी प्रक्रिया किंवा सुधारलेला परिणाम निपजतो, आणि तसे झाले तर ते पेटंटयोग्य ठरू शकते. मिर्झापूरचे पेटंट पडले ते तो परिणाम पुराव्याने उभा राहिला नाही म्हणून. लेथवरच्या भांड्याला मागून टेकू देणारा टेलस्टॉक जुना. त्यात केलेला बदल कार्यशाळेतल्या कुणाही चांगल्या कारागिराने सहज केला असता असा. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी: नेमके नवे काय, हे अर्जदाराने दाव्यात मोजक्या शब्दांत सांगितलेलेच नव्हते; ते वाचणाऱ्याने तर्काने ओळखायचे होते. म्हणजे तिथे न्यायालयाने यंत्राच्या साधेपणाला शिक्षा केली नाही. जे सांगायला हवे होते ते न सांगण्याची ती किंमत होती.

कलम 3(एफ) चे तसेच झाले आहे. ते अर्धेच वाचले जाते. ज्ञात साधनांची मांडणी, फेरमांडणी किंवा पुनरावृत्ती शोध नव्हे, इथपर्यंत सगळे म्हणतात आणि थांबतात. कायदा थांबत नाही. ती साधने एकमेकांपासून स्वतंत्रपणे, आपापल्या ज्ञात पद्धतीने काम करत असतील तर, अशी अट तो पुढे घालतो. छत्रीच्या दांड्याला टॉर्च बांधला तर टॉर्च आपले काम करतो, छत्री आपले. दोघांची गाठ पडली तरी ओळख होत नाही. पण समजा एखाद्या हातात हवेची ओढ आणि स्थिर वीज घालवणारी योजना अशा बसवल्या आहेत की एकीच्या वेळेवर दुसरीची वेळ ठरते, आणि त्यामुळेच कमी ओढीने शीट सुटी होते, कपाचा वळही पडत नाही. इथे दोन साधने स्वतंत्र राहिलेली नाहीत. असा दावा 3(एफ) ने अडवायचा असेल तर त्यांचा परस्परसंबंध कसा नाही, हे परीक्षकाने दाखवले पाहिजे. ते दाखवता येईलही. पण दाखवायला हवे.

अमेरिकेत हा वाद अधिक रंगला. 1950 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले एक पेटंट तर शब्दशः वस्तू सरकवण्याचे होते: किराणा दुकानाच्या काउंटरवर तीन बाजूंची, तळ आणि झाकण नसलेली एक चौकट, ओढली की गिऱ्हाइकाचे सामान हिशेबनिसाकडे सरकते, मागे ढकलली की सामान तिथेच राहते. न्यायालयाने ते रद्द केले, आणि माझ्या मते बरोबर केले. पण त्या निकालाचा सूर असा होता की जुन्या घटकांच्या जुळणीकडे एकूणच कपाळाला आठ्या घालून पाहिले जाऊ लागले. 1952 च्या कायद्याने त्या सुराला लगाम घातला. शोध कसा सुचला यावरून पेटंटयोग्यता नाकारू नये असे त्यात लिहिले गेले. मग 21 फेब्रुवारी 1966 उजाडला. त्या एका दिवशी त्याच न्यायालयाने दोन निकाल दिले. एक खडकाळ जमिनीत चालणाऱ्या नांगराच्या फाळाचा दांडा धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचा: पेटंट रद्द. दुसरा ॲडम्स नावाच्या संशोधकाच्या बॅटरीचा: मॅग्नेशियम आणि क्युप्रस क्लोराइड, दोन्ही आधीपासून माहीत, पाणी घातले की चालू होणारी बॅटरी. सरकारचे म्हणणे, जुनेच पदार्थ जोडले आहेत. न्यायालयाने पेटंट टिकवले, कारण त्या काळचे जाणकार त्या जोडीपासून दूर राहण्याचाच सल्ला देत होते आणि ती चालेल यावर लष्कराच्या तज्ज्ञांचाही विश्वास बसला नव्हता.

पूर्वपक्षी इथे टाळी वाजवतील: बघा, क्लॅम्प पडला आणि बॅटरी टिकली! पण दोन्ही निकालांत वापरलेली कसोटी एकच आहे. आधी काय ठाऊक होते, नवे त्याहून किती वेगळे आहे, जाणकाराची पायरी कोणती. क्लॅम्प यंत्राचा म्हणून पडला नाही आणि बॅटरी रसायनाची म्हणून टिकली नाही. नांगराच्या क्लॅम्पमध्ये दोन भागांची जागा उलटसुलट केली होती, आणि ते कुणालाही सुचले असते. 2007 चा केएसआर खटला मोटारीच्या पेडलचा. त्यात न्यायालयाने जाणकाराला यंत्रमानव समजू नका, त्यालाही थोडी कल्पकता असते, असे बजावले. पूर्वपक्षाला हा निकाल तोंडपाठ असतो. प्रत्येक घटक सुटासुटा ज्ञात होता एवढे दाखवून संपूर्ण जुळणी उघड ठरत नाही, हेही त्याच निकालात आहे. ते पाठ असलेला अजून भेटायचा आहे.

रसायन श्रेष्ठ आणि हस्तकौशल्य कनिष्ठ, या उतरंडीबद्दल लांबण लावत नाही. सोनीने 1991 मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली तेव्हा कॅसेटच्या चुंबकीय फितीवर लेप चढवण्याचे तिचे जुने कसब कामाला आले, एवढे आठवावे. याच उदाहरणाने माझी बाजू थोडी उघडीही पडते, हे कबूल: जुने यंत्र नव्या मालाला लावणे काही वेळा खरोखरच सहज असते. कोणत्या वेळा, ते प्रत्येक अर्जात पाहावे लागते.

लहान उद्योगाच्या भीतीला मात्र मी हलके लेखणार नाही. ती खरी आहे, पण बोट चुकीच्या जागी ठेवते. जर्मनीत 1891 पासून लहान सुधारणांसाठी पेटंटहून कमी मुदतीचा वेगळा हक्क आहे. जपान आणि चीनमध्येही तसा आहे. भारतात नाही. आपल्याकडे बारीक यांत्रिक सुधारणेला एक तर पूर्ण पेटंट, नाही तर काहीच नाही. त्यामुळे सगळा ताण पेटंटच्या उंबरठ्यावर येतो. पण यंत्रकाराला खरोखर अडवते ते ऐसपैस दाव्याचे पेटंट. 'बॅटरीचा घटक चूषणाने धरणारा भाग, तो हलवणारा भाग आणि त्यांचा नियंत्रक' असा दावा समोर आला तर तो नाकारलाच पाहिजे. मी परीक्षक असतो तर तासाभरात नाकारला असता. असे दावे लिहिण्याचा मोह आमच्या धंद्यातल्या लोकांना, मला धरून, फार होतो. मिळाले तर सगळे रान आपले! कलम 10 म्हणते की दावे स्पष्ट, थोडक्यात आणि वर्णनात सांगितलेल्या गोष्टींवर आधारलेले असावेत. परीक्षणाचा मोठा भाग म्हणजे ही कातरणी: अहवाल, त्याला उत्तर, सुनावणी, आणि दर खेपेला दाव्याची थोडी थोडी छाटणी. शेवटी उरतो तो अरुंद दावा शेजारच्या यंत्रकाराला वळसा घालून जाऊ देतो, आणि ही शीट का चिकटते हे फुकटात शिकवतोही. ज्याला तो दावा तरीही अन्यायाचा वाटेल त्याला पेटंट मिळण्याआधी विरोध नोंदवता येतो; कलम 25(1) मध्ये 'कोणीही व्यक्ती' असे शब्द आहेत. काकासुद्धा.

काकांना मी यातले निम्मेच सांगितले. शेडमध्ये कॉम्प्रेसर चालू होता आणि चहा आला होता.

मग पुतण्याला विचारले, यंत्र आता त्रास कसला देते? तो म्हणाला, पावसाळ्यात काही नव्हता. एकेक शीट निमूट यायची. दिवाळीनंतर सकाळच्या पाळीत दोन-दोन यायला लागल्या. आधी वाटले कप झिजले. कप बदलले, फरक नाही. मग लक्षात आले की शेडमध्ये कोरडी खोली नाही, हवा बाहेरचीच, आणि पुण्याची हवा दिवाळीनंतर कोरडी पडते. तिथून त्याने जे केले ते सांगत नाही. अर्ज आता दाखल झाला आहे, पण प्रसिद्ध झालेला नाही. एखाद्याचे यंत्र वेळेआधी मासिकात छापणे त्याच्या हिताचे नसते. एवढेच सांगतो, की त्याने हवेचा झोत मारला नव्हता.

"हे प्रोव्हिजनलमध्ये लिहिलंय?"

"नाही. तेव्हा ठाऊकच नव्हतं. त्यात कप, हात आणि सेन्सर एवढंच आहे."

"कधी भरलंत?"

"चार मार्चला."

कलम 9 प्रमाणे प्रोव्हिजनलनंतर 12 महिन्यांच्या आत पूर्ण विनिर्देश (दाव्यांसकट शोधाचे संपूर्ण वर्णन) द्यावा लागतो. नव्याने घातलेल्या भागाला नवी तारीख मिळेल, गेल्या मार्चची नाही. पण अजिबात न घालण्यापेक्षा ते बरे, कारण एकदा पूर्ण विनिर्देश गेला की कलम 59 नवा मजकूर आत येऊ देत नाही. हाती पाच आठवडे होते. मी म्हटले, हवा किती कोरडी असताना किती वेळा दोन शीट आल्या, याचे आकडे लागतील. आठवणीतले नकोत.

पुतण्या गप्प झाला. काका उठले, पत्र्याच्या कपाटातून जॉब कार्डांची एक वही काढून आणली आणि शेवटच्या पानांवर उघडली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून रोजच्या ओळी होत्या: तारीख, सकाळची आर्द्रता, किती उचल, किती डबल. बारीक, सरळ, पेन्सिलीने.

"हे कशाला लिहीत होतात?" मी विचारले.

"टूलरूमची सवय," ते म्हणाले. "याचं यंत्र चालत नाही हे याला दाखवायचं होतं."

मी वही झेरॉक्सला पाठवली.